बुधवारची ओळ

भैरवीनं संगणकाच्या पडद्यावर भावकूनं लिहिलेल्या एका ओळीवर पेन टेकवलं आणि मालकांकडं, शरदरावांकडं वळून विचारलं,

"बुधवारी पाणी वाढवा, असं लिहिलंय इथं. बुधवारी वाळूला जास्त तहान लागते का हो?"

शरदराव पोट धरून हसले. भावकूनं डबा बंद केला. अर्धी भाकरी राहिली होती, पण भूकच मेली.

बेळगावजवळ मच्छेच्या या फाउंड्रीत, लोखंडाच्या ओतकारखान्यात, त्यानं बावीस वर्षं वाळूचे साचे घातले होते. वाळू मुठीत दाबली की ओल किती ते त्याला कळायचं. कंबर धरली तेव्हा मुलीच्या पुस्तकांवरून तो पायथन ही संगणकाची भाषा शिकला आणि रोज वाळूत पाणी किती घालायचं ते ठरवणारं, ओलीचं, उष्णतेचं सगळं गणित त्यानं संगणकात घातलं. उत्तर बरोबर यायचं, पण यायला वीस मिनिटं लागायची. आता बेळगावची ही इंजिनिअर पोरगी तेच गणित सी प्लस प्लसमध्ये लिहीत होती. तिचं उत्तर चार सेकंदांत येणार होतं. ते बरोबर आलं की भावकूची खुर्ची जाणार आणि मोडक्या कंबरेनं तो परत वाळूत उभा राहणार. हे ठाऊक असूनही तिनं चेष्टा केली होती.

"काय आहे ती ओळ, सांग की तिला," मालक भावकूला म्हणाले.

"ज्याला वाचाय येतंय त्यानं वाचावं."

भैरवीनं खांदे उडवले आणि ओळ गाळून टाकली.

पुढच्या बुधवारी पहिल्याच पाळीत साचे ढासळले. कोरडी वाळू ओतलेल्या लोखंडात उतरली आणि चाळीस कास्टिंगं, तयार ओतीव भाग, भंगारात गेली. मालकांनी ओरडून शेड डोक्यावर घेतली. भैरवीचा चेहरा पांढरा पडला. भावकू खुर्चीत बसून ऐकत होता. त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून.

शेवटी त्याच्याच भाच्यानं, रवळूनं तिला सांगितलं, "काल आमच्या गावात देवीचा वार पाळलाय, मॅडम. मंगळवारी कोण कामाला येत न्हाय. वाळू दिसभर पडून सुकती."

तिनं ओळ परत घातली. भावकूला एका शब्दानं विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या बुधवारी कास्टिंगं आरशासारखी निघाली. मालकांनी पेढे मागवले.

"भैरवीच्या कोडनं लाज राखली बघा! भावकू, सोमवारपासून तू परत मोल्डिंगला, साच्यांवर."

ओळ भावकूअण्णांची आहे, एवढं तिनं म्हटलं असतं तरी पुरे होतं. भावकू तिच्याकडं बघत राहिला. तिनं पेढा तोंडात टाकला आणि मोबाइल काढला.

सुट्टीच्या वेळी मात्र ती त्याच्या टेबलाशी आली.

"अण्णा, हे वार पाळणं दर मंगळवारी असतं ना? म्हणजे ओळ कायमची ठेवायला हरकत नाही."

भावकूनं मान वर केली. वार पाचच असतात. पाचवा काल झाला, देवीची ओटीही भरून झाली. येत्या मंगळवारी सगळी माणसं कामावर येणार, वाळू ओलीच राहणार आणि वर हे वाढीव पाणी. साच्यात वाफ कोंडली की लोखंडाला भोकं पडतात. म्हणून तर दर वर्षी पाच वार झाले की ती ओळ तो स्वतःच्या हातानं बंद करायचा. गेले पंधरा दिवस कुणीतरी विचारेल म्हणून तो वाट बघत होता. आता विचारलं, तर ते असं.

"व्हय," तो म्हणाला. "दर मंगळवारी."

"थँक्स हं," म्हणून ती गेली.

डबा घेऊन तो शेडमधून बाहेर निघाला. रवळू वाळू चाळत होता.

"मामा, नवीन पाळ्या लागल्या बघा. बुधवारी पहिल्या पाळीला तुमीच हाय. तुमी, मी आन् गुंडू."

"बुधवारी?"

"व्हय. साचं बिघडलं तर पगार कापणार म्हणालेत. तुमी असल्यावर आमाला काय काळजी न्हाय."

भावकू जाग्यावरच थांबला. मग सवयीनं वाकून त्यानं मूठभर वाळू उचलली आणि दाबली. ओल अगदी बेताची होती. मागं ऑफिसात भैरवी अजून बसलेली दिसत होती. वाळू मुठीत धरून तो तसाच उभा राहिला.