बाबांनी पाहिलेलं कॉलेज

नर्स व्हायचं हे लेकीचं केव्हाच ठरलं होतं. घोडं अडलं होतं कॉलेजवर. बाबा म्हणाले, "मी स्वतः बघितल्याशिवाय फी भरणार नाही." बाबा शिंपी. दिवसभर सुईशी खेळणारा माणूस, पण तीच सुई कातडीत शिरताना दिसली की गडी आडवा!

"तुम्ही बाहेरच बसा हं," लेकीने बजावलं. पण ऐकतील ते बाबा कसले!

पहिलं कॉलेज चकाचक होतं. काचेच्या दारातून आत गेल्यावर एका बाईंनी डिग्रीचं गुणगान सुरू केलं आणि दोघांना प्रयोगशाळेत नेलं. तिथे एक विद्यार्थिनी रबरी बाहुल्याच्या दंडात इंजेक्शन देत होती. बाहुला ढिम्म हलला नाही. बाबा मात्र धाडकन कोसळले. एकच गोंधळ उडाला. मुली "मॅडम, मॅडम" करत सैरावैरा धावल्या, आणि मॅडम प्रथमोपचाराच्या कपाटाची किल्ली शोधत राहिल्या. शेवटी शिपायाने तोंडावर पाणी मारलं.

"ऊन लागलं," बाबा शर्ट झटकत म्हणाले. सगळं एसीत घडलं होतं.

दुसरं कॉलेज हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला. रंग उडालेला, बाकं डुगडुगती. लेकीचं तोंडच पडलं. आत मुली एकमेकींच्या हातातून रक्त काढायला शिकत होत्या. ती बाबांना मागे ओढणार, तोवर त्यांचे डोळे फिरलेच. पण ते जमिनीवर आपटले नाहीत. लहान चणीच्या एका विद्यार्थिनीने त्यांना अलगद झेललं, खाली निजवलं, कॉलर सैल केली आणि पाय स्टुलावर ठेवले.

"काका, सकाळी खाल्लंत का काही?"

"चहा," बाबा पुटपुटले.

"नुसता? पडून राहा. उठायचं नाही!"

बाबा गुमान पडून राहिले. घरात आईलाही जे कधी जमलं नव्हतं, ते हिने एका दमात करून दाखवलं.

लेकीने तिथेच उकिडवं बसून तिला विचारलं, "डिप्लोमा करू की डिग्री?"

"डिग्री. वर्ष जास्त जातं, पण पुढे शिकवायची वाट मोकळी राहते."

"आणि वॉर्डात कधी पाठवतात?"

"पहिल्याच वर्षी. रडू येतं. मग सवय होते."

"इथेच घे," जमिनीवरून आवाज आला.

घरी आल्या आल्या आईने विचारलं, "कसं आहे हो कॉलेज?"

"छत एकदम मजबूत आहे," बाबा म्हणाले.