शेवटच्या तीन महिन्यांचे प्रवासी

वार्षिक अहवाल चार वाजता छापायला जाणार होता आणि सव्वाएकला मला बाबांची चूक सापडली.

बाबा विमान वाहतुकीच्या आकडेवारी विभागात एकतीस वर्षं होते. मी त्याच विभागात, दोन टेबलं सोडून, सात वर्षं. त्यांना जाऊन दहा आठवडे झाले होते. छोट्या विमानतळांचा तक्ता हे त्यांचं शेवटचं काम. खाली 'संकलन' म्हणून त्यांचं नाव. आई या पुस्तकाची वाट बघत होती.

बेटाकडे जाणारं विमान वाटेत एका छोट्या विमानतळावर वीस मिनिटं थांबतं. जे खाली उतरत नाहीत, पुढेच जातात, ते त्या विमानतळाचे प्रवासी धरायचे नसतात. त्यांचा रकाना वेगळा. हे मला बाबांनीच शिकवलेलं. आणि शेवटच्या तीन महिन्यांत त्यांनीच ते मिळवून टाकले होते. दोनशेच्या जागी अकराशे माणसं. तेव्हा ते औषध घेऊन डोळे चोळत बसायचे. "चष्म्याचा नंबर बदललाय," म्हणायचे.

मी उठले, पाणी प्यायले, बसले. पुन्हा उठून जिन्यापर्यंत जाऊन आले.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" विभागातले सगळ्यांत जुने कारकून म्हणाले. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"राहू दे. कुत्रं विचारत नाही त्या विमानतळाला."

"याच आकड्यावर तिथे नवी इमारत मागितलीय, भाऊ."

"मग पुढच्या वर्षी दुरुस्त कर. त्यांच्या शेवटच्या पानाखाली तळटीप लावणार? पोटची पोर ना तू?"

मी खिडकीशी जाऊन आईला फोन लावला.

"आलं का गं पुस्तक?"

"नाही. आई, बाबांच्या तक्त्यात चूक आहे."

"तुझीच असेल. त्यांना रस्ते सापडायचे नाहीत, पण आकडे..." ती थांबली. "म्हणजे आता त्यांचं चुकलं म्हणून छापणार?"

"छापावं लागेल."

"तू तर रोज तिथेच असायचीस," आई म्हणाली. "तुला कसं दिसलं नाही?"

तिने सहज विचारलं होतं. आमच्याकडे एकाने केलेला तक्ता दुसऱ्याने मूळ कागदांशी ताडून पाहायचा आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करायची असा नियम आहे. बाबांचे तक्ते माझ्याकडे यायचे. मी ते कधीच ताडले नव्हते. बाबांचं काय तपासायचं, म्हणून सरळ वरून खालपर्यंत खुणा करत गेले होते.

"बघायला हवं होतं," मी म्हणाले. आईने फोन ठेवला.

मूळ कागद काढून, पट्टी लावून मी एकेक ओळ मोजली. आकडे बदलले. तळटिपेत कारण द्यावं लागतं: संकलनातील चूक किंवा तपासणीतील चूक. बहुतेक वेळा पहिलंच लिहितात. मी दोन्ही लिहिली आणि दुसऱ्यापुढे माझं नाव घातलं.

भाऊंनी वाचलं. "स्वतःचं नाव कुणी घालतं का, वेडे?"

"सही करा, भाऊ."

त्यांनी केली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाबांनी त्या वर्षी आणखी नऊ तक्ते केले होते आणि सगळ्यांवर माझ्याच खुणा होत्या.

"भाऊ, पाच तुम्ही घ्या," मी म्हणाले आणि कपाट उघडलं.