शोधायची तीन मिनिटं

कांताबाईंनी स्टुलावरून न उठताच वाकून चेंडू उचलला, पदराच्या टोकानं त्याची माती पुसली आणि पिशवीत टाकला.

चेंडू आपणहून आला होता. समोरच्या झाडांत टक्क आवाज झाला, लांब गवत हललं आणि दोरीखालून घरंगळत तो त्यांच्या बुटापाशी येऊन थांबला. दोरीच्या अलीकडे आलेलं ते बघणाऱ्यांचं, हे त्यांनी सकाळीच पाहून ठेवलं होतं. मागच्या होलवर एका उंच खेळाडूनं खेळून झाल्यावर आपला चेंडू दोरीशी उभ्या असलेल्या छोट्या मुलीकडे टाकला होता आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हाच त्यांच्या मनात आलं होतं, आपल्या धम्मूलाही असा एक मिळायला हवा. पोरगी चार दिवस उन्हात उभी राहणार, तिच्या हाती काही लागायला नको?

धम्मू म्हणजे धम्मप्रिया, त्यांची सतरा वर्षांची नात. कॅनडाच्या महिला ओपन गोल्फ स्पर्धेत ती यंदा स्वयंसेवक होती. शाळा संपवायची तर चाळीस तास समाजसेवेचे भरावे लागतात, ते ती इथे भरत होती. सातव्या होलची वाट मध्येच उजवीकडे वळायची, त्यामुळे मारणारीला आपला चेंडू कुठे पडला ते दिसायचं नाही. धम्मप्रियानं 'स्पॉटर' म्हणून त्या वळणावर उभं राहून चेंडू पडेल तिथे छोटं निशाण रोवायचं. आजीला तिनं तिथेच घडीच्या स्टुलावर बसवलं होतं.

"कुणी मारत असलं की बोलायचं नाही हं, आजी."

"मी काय भांडायला आलेय?"

ब्रॅम्पटनहून येताना गाडीत धम्मप्रियानं स्पर्धेची सगळी कुळकथा सांगितली होती. पन्नास वर्षं जुनी टूर्नामेंट. आधी सिगारेटची कंपनी स्पॉन्सर होती, तेव्हा ही 'मेजर' होती, जगातल्या चार मोठ्यांत एक. मग तंबाखूच्या जाहिरातींवर कायदा आला, कंपनी गेली आणि मेजरचा मान ब्रिटनच्या स्पर्धेला गेला.

"म्हणजे पाटीलकी गेली, फेटा तेवढा राहिला," कांताबाई म्हणाल्या होत्या.

"आजी, स्टिल. इट्स अवर नॅशनल ओपन."

आता नात वळणाच्या डाव्या बाजूला वाकून दुसऱ्या कुणाच्या चेंडूपाशी निशाण रोवत होती. ती सरळ झाली, वळली, तेव्हा कांताबाई पिशवीचं तोंड आवळत होत्या. त्यांनी तिला हात केला. तिनं केला नाही.

थोड्या वेळानं झाडांमागून खेळाडू आल्या. मधली जोसी, सडबरीची. हिला थेट प्रवेश नव्हता. सोमवारी पात्रतेची फेरी खेळून तिनं जागा मिळवली होती आणि बॅग वाहायला तिचा बापच होता. हे ऐकून कांताबाईंना ती सकाळपासून आवडली होती. पोरीचं ओझं उचलणारा बाप त्यांनी आयुष्यात फारसा पाहिला नव्हता.

जोसीनं आजूबाजूला पाहिलं. बापानं झाडांत बोट दाखवलं, काहीतरी ठासून सांगितलं आणि दोघं तिकडे घुसली. बरोबरच्या दोघी खेळाडूही आल्या. गाडीतून एक टोपीवाला नियम अधिकारी उतरला, त्यानं घड्याळ पाहून तीन बोटं वर केली. पाच-सहा माणसं गवत पायानं चाचपू लागली. जोसी गुडघ्यांवर बसली आणि हातांनी गवत बाजूला करू लागली, डोक्यातली ऊ शोधावी तसं.

तेव्हा कांताबाईंना कळलं.

त्यांचा हात पिशवीवर गेला. उठायचं, पुढे जायचं, द्यायचा. चार पावलं. पण दोरीलगत आता वीसेक माणसं जमली होती आणि त्या उठल्या की सगळ्यांचे डोळे जमिनीवरून त्यांच्यावर येणार होते. सकाळी गेटवरच्या माणसानं पिशवीत हात घातला तेव्हा कांताबाईंनी त्याला मराठीत सुनावलं होतं, चोर वाटले का रे मी तुला? आणि आत आल्यावर आपल्याकडच्याच दोन कॉलेजच्या पोरांना फुकट वाटत असलेल्या उन्हाच्या मलमाच्या मूठ-मूठभर पुड्या उचलताना पाहून त्यांनी अख्ख्या रांगेसमोर झापलं होतं. "तुमच्यामुळे सगळ्यांचं नाव जातं," असं म्हणाल्या होत्या. ती दोन्ही पोरं आता दोरीशी उभी होती.

अधिकारी बघ्यांकडे वळला.

"डिड एनीबडी पिक इट अप?"

'पिक' हा शब्द कांताबाईंना येत होता. दर जूनमध्ये त्यांचा मुलगा मिलिंद सगळ्यांना स्ट्रॉबेरी तोडायला शेतावर न्यायचा, तिथल्या पाटीवर तोच असायचा. त्यांनी तोंड उघडलं. जी जीभ ब्रॅम्पटनच्या सगळ्या मंडळाला धाकात ठेवायची, ती टाळूला चिकटून राहिली. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या जोडप्यानं माना हलवल्या. कांताबाईंनीही हलवली.

मग त्यानं धम्मप्रियाला विचारलं. तिचं कामच ते.

धम्मप्रियानं आजीकडे पाहिलं. फार वेळ नाही, डोळ्यात काही गेलं तर माणूस पापणी मिटतो तेवढाच.

"नो," ती म्हणाली. "नोबडी टच्ड इट."

तीन मिनिटं संपली. अधिकाऱ्यानं जोसीला गाडीत बसवून, तिथूनच दुसरा चेंडू मारायला, पुन्हा सुरुवातीच्या जागी नेलं. बाप बॅग खांद्यावर घेऊन झाडांतच उभा राहिला, पायानं एक फांदी उलटी-पालटी करत.

*

धम्मप्रियाची पाळी चारला संपली. दोघी मोठ्या फलकासमोरच्या बाकावर बसल्या. नातीनं पाण्याची बाटली दिली, झाकण उघडून दिलं.

"तुला दिसलं होतं," कांताबाई म्हणाल्या.

"हो."

"मग सांगायचं ना त्याला."

"काय सांगू? माय ग्रॅण्डमा स्टोल इट?"

"चोरला नाही मी. मला वाटलं, दिलाय."

"मग तू का नाही सांगितलंस?"

कांताबाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. दर रविवारी आंबेडकर असोसिएशनच्या हॉलमध्ये त्या मुलांकडून पंचशील म्हणून घेत. अदिन्नादाना वेरमणी, न दिलेलं घ्यायचं नाही. घोकून घेत, चुकलं की पुन्हा म्हणायला लावत. धम्मप्रियाही तिथेच शिकली होती. चौथी शिकलेल्या बाईला पालीचा उच्चार चुकत नाही, याचा त्यांना गर्व होता. मुसावादा वेरमणी, खोटं बोलायचं नाही, हेही त्यातलंच. नातीचं खोटं त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं होतं आणि ते त्यांच्यासाठी होतं.

"त्या पोरीचं काय होईल आता?" त्यांनी विचारलं.

धम्मप्रियानं फलकाकडे बोट केलं. चार दिवस खेळ, रोज अठरा होल. पण दीडशेवर खेळाडू असतात, त्यामुळे आज, शुक्रवारी संध्याकाळी, कट लागतो. निम्म्याहून जास्त जणी घरी जातात. उरलेल्या शनिवार-रविवार खेळतात.

"आणि ही?"

"हरवलेल्या बॉलचे तिचे दोन शॉट गेले. शी वॉज राइट ऑन द लाइन."

सव्वासहाला शेवटच्या खेळाडू आत आल्या. आकडे खालीवर झाले, मग थांबले. धम्मप्रिया फोनकडे पाहत राहिली.

"आजी, एकानं गेली. वन शॉट."

कांताबाई उठल्या. गुडघा कडकन वाजला.

"कुठे भेटेल ती?"

"नको. आजी, प्लीज. मी ऑफिशियलला नो म्हटलंय. माझे अवर्स जातील. सगळ्यांना कळेल."

"तुझं नाव घेणार नाही मी."

"तुला इंग्लिश येत नाही. कोण बोलणार? मीच ना?"

"मग तू बोल."

*

खेळाडूंच्या गाड्या हिरवळीपलीकडच्या खडीवर होत्या. जोसी एका जुन्या व्हॅनपाशी उभी राहून बुटांच्या नाड्या सोडत होती. बाप मागच्या उघड्या दारात बसला होता. उद्या लागणार नसलेली एकेक काठी तो ओल्या टॉवेलनं पुसत होता, सावकाश, टोकापासून मुठीपर्यंत.

कांताबाई जोसीसमोर उभ्या राहिल्या. जवळून ती अगदीच लहान दिसत होती. नाकावरची कातडी उन्हानं सोलली होती.

"सांग तिला," त्या नातीला म्हणाल्या. "तुझा चेंडू मी उचलला. मला वाटलं, दिलाय. मग कळलं, तरी मी गप्प बसले. लाजेनं. सांग."

धम्मप्रियानं ओठ ओले केले.

"माय ग्रॅण्डमदर सेज यू प्लेड रिअली वेल."

जोसी हसली. थकलेलं, पण खरं हसू होतं ते. ती वाकली, तिनं कांताबाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि थँक यू म्हणाली. आणखीही काही म्हणाली.

कांताबाईंनी त्या हातांकडे पाहिलं. चोराचा हात कुणी असा धरत नाही, एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. त्यांनी नातीकडे पाहिलं. ती खडीकडे पाहत होती.

त्यांनी हात सोडवून घेतला, पिशवीतून चेंडू काढला आणि जोसीच्या तळव्यावर ठेवला. मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

"आय पिक," त्या म्हणाल्या. "आय."

जोसीनं चेंडू फिरवला. त्यावर ओळखीसाठी तिनंच काढलेले हिरव्या शाईचे दोन ठिपके होते. तिचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातून ती निघून गेली. मग तिनं धम्मप्रियाच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं.

"यू वर द स्पॉटर."

"आय सॉ हर," धम्मप्रिया म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "आय सॉ हर. आय सेड नो."

जोसी भांडेल, ओरडेल, अधिकाऱ्याला बोलावेल, या सगळ्याची कांताबाईंनी तयारी केली होती. ओरडली असती तर पदर खोचून उभं राहता आलं असतं. ती हळू आवाजात दोन वाक्यं बोलली.

"काय म्हणते?"

"आता काही बदलत नाही म्हणते. दुसरा बॉल खेळला की पहिला संपला. रूलच आहे. स्कोअरकार्डवर सही पण झाली."

"बरं."

जोसीनं मान वळवून व्हॅनच्या मागच्या बाजूला पाहिलं. मग पुन्हा बोलली, या वेळी कांताबाईंकडेच पाहत, एकेक शब्द सुटा करून. त्यांना त्यातला 'डॅड' तेवढा कळला.

"अगं, सांग ना."

"तिचे बाबा." धम्मप्रियानं नाक पुसलं. "झाडाला लागून बॉल आत गेला, असं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून सगळ्यांनी तिकडे शोधलं. त्यांना वाटतंय, आपणच चुकीच्या जागी शोधायला लावलं म्हणून सापडला नाही. तेव्हापासून ते तिच्याशी बोललेले नाहीत. ती विचारते, आत्ता मला सांगितलंस ते तू त्यांना सांगशील का?"

व्हॅन दहा पावलांवर होती. कांताबाईंना वाटलं होतं, एकदा सांगितलं की झालं. औषधाचा कडू घोट एकदाच घ्यायचा असतो. त्यांनी जोसीच्या हातातून चेंडू परत घेतला, पदर सारखा केला आणि चालू लागल्या. खडीवर त्यांचे बूट मोठ्यानं वाजत होते. चार पावलांनंतर मागून दुसरेही वाजायला लागले.

"आजी, थांब. मी बोलते."

"तू बोल. पण या वेळी मी म्हणेन तेच."

बापानं मान वर केली. साडीतली म्हातारी बाई आणि मागे स्वयंसेवकाच्या शर्टातली पोरगी येताना पाहून तो घाईनं उठला. त्यानं मांडीवरची काठी बाजूला ठेवली, बॅग आत सरकवली आणि हातातल्या टॉवेलची कोरडी बाजू शोधून आपल्या शेजारची जागा नीट पुसून दिली. मग हातानं सुचवलं, बसा.

कांताबाई उभ्याच राहिल्या.