कोऱ्या चेहऱ्याचा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. सध्या माझा मुक्काम कतारमधल्या मेसईदला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये, कपड्यांच्या कपाटामागे आहे. तोंड भिंतीकडे. शिक्षा म्हणून कोणी मला इथे ठेवलेले नाही, पण दिसते मात्र तसेच.

माझा जन्म रेवदंड्याचा. मिल्कामावशींनी मला घडवले. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. मावशींचे आजोबा त्यांना ज्यू लोकांच्या जुन्या कहाण्या सांगत, आणि त्याही मराठीतच. त्यातला मावशींचा लाडका म्हणजे एलियाहू हन्नाबी. हा पैगंबर अजूनही वेश बदलून फिरतो म्हणे आणि आपल्याला दार कोण उघडते ते पाहतो. एकदा एका घरातली माणसे त्याच्यासाठी मलिद्याचे ताट मांडून बसली, आणि दारात आलेल्या मळकट पाणक्याला मात्र त्यांनी हाकलून दिले. तो पाणक्याच एलियाहू होता. ही कहाणी माझ्या अंगावर आहे.

दिसायला मी विचित्रच, ते कबूल करतो बुवा. घोडा नुसत्या लाल त्रिकोणांचा. घरे उलटी, छपरे खाली. एलियाहू ज्या रथातून स्वर्गात गेला म्हणतात, त्याची चाके आभाळात, तीही गोणपाटाची, डिंकाने चिकटवलेली. "नातवाने केलंय का?" असे गावातले एक गुरुजी विचारून गेले. मावशी पोट धरधरून हसल्या. एलियाहूचा चेहरा त्यांनी काढलाच नाही, तिथे नुसता कोरा कागद ठेवला.

"तो दर वेळी नवा चेहरा घेऊन येतो," त्या म्हणायच्या. "मी एकच काढला, तर बाकीच्यांना दार कोण उघडेल?"

शेजारची अमिना लग्न होऊन कतारला निघाली तेव्हा मावशींनी मला तिच्या हाती दिले. तिचा नवरा फजल खताच्या कारखान्यात कामाला. नमाजी, मवाळ माणूस. त्याने मला न्याहाळले आणि हनुवटी खाजवली. एलियाहू म्हणजेच आपले कुराणातले इल्यास, हे त्याला ठाऊक होते. पैगंबरांचा चेहरा काढणे धर्माला मंजूर नाही, मग तो घरात कसा लावायचा?

"चेहरा नाही ना, मग राहू दे," तो शेवटी म्हणाला, आणि त्याने स्वतःच खिळा ठोकला.

पुढची वर्षे फार सुखाची गेली. त्यांची मुलगी शफा मोठी झाली. ती मराठी सगळे समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. माझी कहाणी तिने आईकडून किती वेळा ऐकली असेल! बेल वाजली की ती दार उघडायची, आलेल्याला पाणी विचारायची आणि धावत माझ्यापुढे यायची. "अम्मी, टुडे ही इज द गॅस अंकल!" कधी पार्सलवाला, कधी एसी दुरुस्त करणारा. त्या सगळ्यांचे चेहरे माझ्या कोऱ्या जागेत मावले. मला त्याचा फार अभिमान होता.

मग रेवदंड्याला वादळ झाले. मावशींचे छप्पर उडाले आणि पेटीतली बाकीची सगळी चित्रे पाण्यात गेली. त्यांच्या कहाण्यांचे पुस्तक त्या चित्रांसह निघायचे होते. नवी चित्रे काढायला आता हात थरथरत होता, नजरही अधू झाली होती.

"एक तरी छापू दे गं अमिना," त्या फोनवर म्हणाल्या. "तुझ्याकडचं पाठवशील?"

फजल ईदला गावी जाणारच होता. माझी काच तडकलेली होती, म्हणून अमिनाने मला दोह्यातल्या एशियन टाउनमधल्या फ्रेमच्या दुकानात दिले. तिथे शहजाद नावाचा कारागीर होता. हात कसबी, मन गोड. त्याने माझ्याकडे पाहिले आणि त्याला दया आली.

"आपा, चेहरा अधूरा रह गया था," अमिना मला घ्यायला आली तेव्हा तो हसत म्हणाला. "मैंने बना दिया. इसके पैसे नहीं लूँगा."

पांढरी दाढी, टपोरे डोळे. खरोखर सुरेख चेहरा होता तो. अमिना दुकानातच खाली बसली. शहजाद घाबरला आणि पांढरा रंग लावून देतो म्हणाला. पण शाई कागदात मुरली होती. रंगवलेले पांढरे म्हणजे कोरे नव्हे.

घरी शफा म्हणाली, "अम्मी, नाऊ ही हॅज अ फेस!" फजलने मान खाली घातली. "आता भिंतीवर नको गं," तो हळूच म्हणाला. त्याचा काय दोष?

अमिनाने फोनवर मावशींना सगळे खरे सांगितले.

"मग तो आता एकाच चेहऱ्याचा झाला," मावशी म्हणाल्या. "नको पाठवू. तुझ्याकडेच ठेव."

पुस्तक चित्रांशिवाय निघाले की निघालेच नाही, ते मला कळले नाही. मावशी गेल्या, तेवढे मात्र अमिनाच्या रडण्यावरून कळले.

मित्रांनो, कोणी मुद्दाम सोडलेली जागा भरण्याआधी एकदा विचारा. प्रेमाने भरणार असाल, तरीही विचारा. माझे आता काही होण्यासारखे नाही, पण तुमच्या हाती दुसरी कोणती तरी कोरी जागा येईल.

परवा पुन्हा बेल वाजली. शफाने दार उघडले, पार्सल घेतले आणि दार लावून ती आपल्या खोलीत गेली. कोण आला होता, ते मला कोणी सांगितले नाही.