बर्फहॉकी महासंघाचं पत्र

कुणावर पटकन विश्वास ठेवायचा नाही, हा माझा जन्माचा नेम. गवळी समोर उभा असताना मी दुधात बोट बुडवून पाहतो. सेलूजवळच्या आमच्या खेड्यात मी शाळामास्तर, इंग्रजी वाचणारा एकटाच. त्यामुळे १९५३ च्या दसऱ्याला टिकारामच्या नावाने परदेशातून पाकीट आलं, ते फोडलंही मीच.

टिकाराम गोंड, कुऱ्हाडीचे दांडे करणारा. धावडा तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यातच, तोही झाडाची माफी मागून. मग लाकूड महिनाभर तळ्याच्या गाळात पुरायचं आणि वर्षभर चुलीच्या धुरावर टांगायचं. त्याचा दांडा मोडलेला मी कधी पाहिला नाही. प्रत्येक दांड्याच्या टोकाला तो तापल्या खिळ्याने तीन ठिपके डागायचा. आदल्या वर्षी सेवाग्राम पाहायला आलेल्या एका गोऱ्या पाहुण्याने त्याच्याकडून एक वाकड्या पात्याची काठी करून घेतली होती. काठी टिकली तर पत्र पाठवू, असं दुभाष्याकडून सांगून तो गेला.

तेव्हापासून टिकाराम वाट पाहत होता. नुसत्या दांड्यांवर घर चालेना. मेहुण्याने पुलगावच्या कापडगिरणीत जागा बघून ठेवली होती, पण याचा पाय निघत नव्हता. "चिठ्ठी आली तं नाई जात, गुरुजी," तो म्हणायचा. "नाई आली तं दिवाई झाल्यावर जातो. घरी सुंदराले तसं सांगून ठेवलं."

पत्राच्या माथ्यावर दोन काठ्यांची फुली आणि खाली तीन सह्या. त्यांच्या देशाचा म्हणे बर्फहॉकी महासंघ! काठी अख्खा हिवाळा खेळून मोडली नाही, पुढच्या हिवाळ्यासाठी आणखी चोवीस हव्यात, नाताळपर्यंत कळवा. शिवाय लाकूड कोणतं, कधी तोडता, कसं मुरवता, तेही सविस्तर लिहा.

मी ते तीनदा वाचलं. बर्फ मी पाहिला होता. वर्ध्याच्या बाजारात भुशात गुंडाळून हातगाडीवर यायची लादी, अर्ध्या तासात तिचं पाणी. त्यावर घोडे झालेले बाप्ये हॉकी खेळतात, आणि त्यांचा देशभराचा महासंघ? थापेला शिक्का मारला म्हणून ती खरी होत नाही. बरं, काठ्या हव्या होत्या तर काठ्या मागायच्या, लाकूड मुरवायची रीत कशाला? गरिबाच्या हातातला हुन्नर काढून घ्यायचा डाव. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते मला दिसलं याचा मला अभिमानच वाटला.

"काय म्हणते चिठ्ठी?" टिकारामने विचारलं.

"आभार मानले त्यानं. बस."

"अजून काठ्या पाह्यजेत, असं नाई लिव्हलं?"

"नाई."

पत्र त्याने माझ्याकडेच ठेवलं. मग रामराम करून गेला. दिवाळी झाली आणि नवराबायको बोचकी घेऊन पुलगावला लागून असलेल्या नाचणगावला राहायला गेली, गिरणीजवळ. एका भोळ्या माणसाला वाचवलं म्हणून मी त्या रात्री सुखाने झोपलो.

माघात टिकारामच्या नावाने दुसरं पाकीट आलं, ते पोस्टमनने माझ्याकडेच दिलं. उत्तर न आल्यामुळे काम दुसरीकडे दिलं, वाईट वाटतं, असं चार ओळींत लिहिलं होतं. सोबत एक फोटो होता. गोठलेलं तळं, त्यावर काठ्या घेतलेली माणसं, आणि मागे त्याच तळ्याच्या मधोमध घोडा जुंपलेली गाडी निवांत उभी. घोडा, तोही गाडीसकट, बर्फावर! पुढच्या खेळाडूच्या काठीच्या टोकाला तीन ठिपके होते.

दोन्ही पत्रं घेऊन मी नाचणगाव गाठलं. सुंदराने ओळखून पाणी दिलं. चुलीत लाकूड जळत होतं, गुळगुळीत, धुराने काळं पडलेलं. मी बघतोय हे पाहून ती म्हणाली, "तिकून आणलेला धावडा हाय. आता दांडे कोन करते?"

टिकाराम पाळी संपवून आला. केसांत कापूस होता आणि खोकला लागला होता. त्याने फोटो उजेडात धरला आणि ठिपक्यांवर अंगठा ठेवला.

"हे माह्या हातचे हायेत," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "पयल्या चिठ्ठीत काय होतं, गुरुजी?"

मी सगळं सांगितलं. चोवीस काठ्या, नाताळ, सगळं. "मले वाटलं, फसवून राह्यले तुले."

"मंग मले इचारलं काऊन नाई?"

त्याला विचारावं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. निदान आता तरी काही करावं म्हणून मी खिशातून चष्मा काढला आणि हात पुढे केला. "आन इकडे. दोन्ही शब्दन् शब्द वाचून दाखवतो."

त्याने पत्रांची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली.

"राहू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "गिरणीतल्या बाबूपासून वाचून घेतो."