दोन बोटं लाकूड

खुशालरावांच्या वडिलांची दुनळी बंदूक विलायती होती. शिकारीवर बंदी यायच्या आधी आबांनी याच बंदुकीनं चितळं पाडली होती. हयात असेपर्यंत मुलाला त्यांनी तिला तेलाचा बोळासुद्धा लावू दिला नाही. आबा गेल्यावर ती खुशालरावांच्या नावावर झाली, तेव्हा त्यांची पंचेचाळिशी उलटली होती. तरी कपाट उघडताना त्यांचा हात थबकायचाच.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि तो हातच लुळा पडला. मोर्शीजवळची शेती मुलगी प्रणाली पाहू लागली. रानडुकरं हरभरा नांगरल्यासारखा उकरून टाकत होती. तिनं बंदुकीचा परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला, वनखात्याची परवानगीही काढली. पण आबा सहा फुटी गडी, आणि प्रणाली जेमतेम पाच फूट. बंदुकीचा लाकडी दस्ता तिच्या खांद्यात बसेचना. सरावाला दोन बार काढले तर दंड काळानिळा झाला.

बापलेक अमरावतीला गेले. राजापेठेत कुलदीपचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं प्रणालीच्या खांद्याला बंदूक लावून पाहिली.

"काका, दोन बोटं लाकूड कमी करा लागते. नाई तर नळी वर उचलते, नेम चुकते."

दस्त्यावर जिथं आबांचा गाल टेकायचा, तिथं लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं. कुलदीपनं पेन्सिलीनं रेघ मारली. खुशालरावांनी ती अंगठ्यानं पुसून टाकली.

"माह्या बापाची वस्तू हाये. करवत नाई लागू देत मी तिले."

"बाबा, वापरतो तर मीच नं आता?" प्रणाली म्हणाली.

"सवय होते हळूहळू."

तिनं बंदूक तशीच खोळीत घातली. गावी परतल्यावर पंजाबराव स्पष्टच बोलले. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेले पंजाबराव शेताच्या बांधाला लागून, धुऱ्यापलीकडं दोन एकर कसत, आणि रोजचा चहा खुशालरावांच्याच ओट्यावर घेत. "काप नं बे. लाकडाले जीव हाये का?" खुशालरावांनी कप खाली ठेवला अन् विषय बदलला.

पुढच्या आठवड्यात, दिवस कलताना, हरभऱ्यात एकटा दांडगा डुक्कर शिरला. प्रणालीनं बार काढला. दस्ता खांद्यावरून निसटला, नळी उचलली गेली, आणि छर्रे डुकराच्या पाठीवर ओझरते बसले. पिसाळलेलं जनावर धुऱ्याकडं सुटलं. तिकडं पंजाबराव पाण्याचा पाईप उचलत होते. तिनं हाका मारल्या, पण मोटारीच्या आवाजात त्यांना ऐकू गेल्या नाहीत. सुळ्यानं मांडी फाडली. मोर्शीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत गाडीच्या सीटा रक्तानं भिजल्या होत्या. पंजाबराव वाटेतच गेले.

गावात बोलणं सुरू झालं, पोरीच्या हाती बंदूक काहून दिली. पोलिसांनी पंचनामा केला, तिचा जबाब घेतला. नेम चुकला, एवढंच ती म्हणाली. खुशालराव शेजारीच बसले होते. त्यांची जीभ उचलली नाही.

पंजाबरावांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गर्दी होती. सगळे पांगल्यावर ते पंजाबरावांच्या बायकोसमोर, शालूबाईंसमोर बसले.

"वहिनी, पोरीची चूक नाई. बंदूक तिच्या मापाची नव्हती. कापा लागते म्हणून सांगतलं होतं मले. म्याच कापू देली नाई."

शालूबाईंनी पांढऱ्या पदराचं टोक चुरगाळलं.

"हे येऊन म्हनत, खुशाल आयकत नाई," त्या म्हणाल्या. "मले काहून सांगता? त्या लेकराले सांगा. पंधरा दिवस झाले, वर पाहून बोलत नाई ते. मी येतो रोज समजावाले, पन माह्यानं काय होते?"

खुशालराव घरी आले. प्रणाली अंगणात संत्र्याचे क्रेट धूत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, जसं शालूबाईंना सांगितलं तसंच. ब्रश थांबला नाही.

"मले तर बार काढला तवाच मालूम होतं, बाबा."

"मंग पोलिसाईले काहून नाई सांगतलं?"

"तुमी बाजूलेच बसून होते." तिनं पुढचा क्रेट ओढला. "मले वाटलं, तुमी सांगान."