हरितगृहात काय पिकतं?

खरं बोलण्याची शपथ घेताना मी आधी चुकून डावा हात वर केला. टेबलापलीकडच्या अधिकारीबाईंनी ते पाहिलं असणार.

कालपर्यंत मी असा भित्रा नव्हतो. अकरा वर्षं कोलोराडो राज्यातल्या प्युएब्लोत गारव्याची यंत्रं दुरुस्त करतोय, नागरिकत्वाची मुलाखत म्हणजे हातचा मळ, अशा फुशारक्या मी बायकोपुढे मारत होतो. काल संध्याकाळी चर्चमध्ये मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या ओफेलियाबाईंनी माझा अर्ज वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“विल्मर, ‘अमली पदार्थांच्या धंद्याला कधी मदत केली का?’ इथे तू ‘नाही’ लिहिलंस?”

“मग? मी काय चोरटा माल विकतो?”

“टॉलिव्हरच्या हरितगृहातले कूलर कोण दुरुस्त करतं?”

“मीच. पण बाई, त्याचं लायसन्स भिंतीवर टांगलंय! गांजा इथे दुकानात मिळतो, पावतीसकट.”

“तो कोलोराडोचा कायदा. नागरिकत्व वॉशिंग्टनचं केंद्र सरकार देतं, पोरा, आणि त्यांच्या लेखी तो अजून गुन्हाच. इथे राहायचं असलेलं ग्रीन कार्डसुद्धा जाईल. उद्या जाऊ नकोस, आधी वकील गाठ.”

पण चौदा महिने वाट पाहून मिळालेली तारीख सोडवेना.

आज सकाळी गाडीत माझी बायको मारिट्झा म्हणाली, “नुसतं हरितगृह म्हण. खोदून विचारलंच तर टोमॅटो.”

“शपथेवर?”

“मग जा एकटा परत आपल्या देशात, आंबातोला! मुली इथे जन्मल्यात, त्यांना मी तिकडे पाठवणार नाही.” एवढं बोलून ती रडायलाच लागली.

सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. देशाचा सर्वोच्च कायदा? संविधान. राज्यांच्या हातातली एखादी गोष्ट? “गाडी चालवायचं लायसन्स देणं,” मी म्हणालो, आणि टॉलिव्हरच्या भिंतीवरचं लायसन्स आठवताच रुमालानं कपाळ पुसलं. बाईंनी पाणी दिलं. फार सभ्य बाई होत्या, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“काम कुठे करता?”

“हरितगृहांत. कूलर दुरुस्त करतो.”

“काय पिकतं तिथे?”

मला मुली दिसल्या, दोघी, शाळेच्या बसमध्ये चढताना.

“टोमॅटो.”

त्यांनी लिहून घेतलं. मग फाइलमधून एक कागद काढला. वरच्या कोपऱ्यात हिरवं, पाच बोटांचं पान छापलेलं होतं. टॉलिव्हरच्या पावत्यांवर असतं तेच. वसंतात टॉलिव्हर म्हणाला होता, “तुझ्यासाठी असं पत्र धाडतो गड्या, की साहेब लोक रडतील!” फाइलचा नंबर मीच हौसेनं दिला होता. तो विसरला असेल असं मला वाटलं होतं.

बाई वाचू लागल्या, “‘विल्मरइतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही. चार उन्हाळे त्यानं आमचं गांजाचं एकही रोप करपू दिलं नाही.’”

कागद खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“पुन्हा विचारते. तुम्ही अजून शपथेवर आहात. काय पिकतं तिथे?”